खालून कापतात, सर!

दोन उन्हाळे मी परभणी जिल्ह्यातल्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरी, कागदावर रंगवत हिंडलो. वालूरची चक्राकार बारव, चारठाण्याची, पिंगळीची, आणि आणखी काही, ज्यांच्याबद्दल गावातलीच माणसं ‘ती व्हय, पडकी’ एवढंच सांगतात. मे महिन्यात पायऱ्यांवर बसून जलरंग करायचे म्हणजे कुंचला कागदावर टेकेपर्यंत त्यातलं पाणी उडालेलं असतं. डोक्याला ओला रुमाल, भोवती पोरांचा गराडा. ‘सर, मोजणीला आलाव का?’ हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी मी ‘व्हय’ म्हणायला लागलो. पण हे सगळं सोपं होतं. २२ चित्रं झाली, सभागृह ठरलं, आणि खरं संकट तेव्हा उभं राहिलं. लोकांना कळवायचं कसं?

‘पेपरात प्रेसनोट द्या,’ असं सगळेच म्हणाले. त्यात काय एवढं, म्हणून मी एका रात्रीत साडेतीन पानं लिहिली. सुरुवात अशी होती : ‘पाषाणाच्या मौनातून पाझरणारा काळाचा ओलावा जेव्हा कलावंताच्या अंतरंगाला स्पर्शून जातो...’ हे वाक्य पुढे सात ओळी चालतं आणि मलाच दम लागतो. सकाळी बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत शांतपणे ऐकत होती.

‘चांगलं लिवलंय,’ ती म्हणाली. ‘पण हे हाय कुठं?’

‘काय?’

‘प्रदर्शन.’

ते शेवटच्या पानावर होतं. माझा परिचय, मला शाळेत असताना मिळालेली बक्षिसं, गुरुजनांचे ऋण आणि सहकुटुंब आभार यांच्याही खाली. तारीख होती, वेळ मात्र राहून गेली होती. बायकोचं मी मनावर घेतलं नाही. कलेतलं तिला काय कळतं? तशीच प्रेसनोट तीन कार्यालयांत नेऊन दिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पेपरवाल्याची वाट बघत फाटकात उभा राहिलो. एकाही पेपरात ओळ नव्हती. दशक्रिया विधीच्या सूचनाही मी बारकाईनं वाचल्या.

मग आठवलं, आपला एक विद्यार्थी एका पेपरात उपसंपादक आहे. वर्गात हत्ती काढायला सांगितला की हा म्हैस काढायचा. इंटरमिजिएटच्या परीक्षेला कसाबसा सी ग्रेड मिळाला होता. तो मला बघून उठून उभा राहिला, चहा मागवला आणि माझी प्रेसनोट पुढ्यात घेऊन लाल पेन उघडलं. पेनाचा तो आवाज मला ओळखीचा होता. आजवर तो माझ्या बाजूनं यायचा.

‘अप्रतिम’ गेलं, ‘अद्भुत’ गेलं, ‘रसिकांना मंत्रमुग्ध करणारे’ गेलं. ‘सर, हे तुम्ही नाही म्हणायचं, बघणाऱ्यानं म्हणायचं,’ तो अदबीनं म्हणाला. काळाचा ओलावाही गेला. साडेतीन पानांत दोन वाक्यं उरली, त्यातलं एक आभाराचं.

‘राग मानू नका, पण बातमी आम्ही खालून कापतो. रात्री एखादी जाहिरात आली की जागा जाते. मग शेवटचा परिच्छेद उडवायचा, तरी बसंना तर त्याच्या वरचा. म्हणून कोण, काय, कुठं, केव्हा हे सगळं पहिल्याच वाक्यात पाहिजे. कसं आणि कामून ते नंतर. तुमचं सगळं शेपटात आहे.’

आता यात माझा काय दोष? आयुष्यभर चित्राच्या खाली, उजव्या कोपऱ्यात सही करणारा माणूस मी. महत्त्वाचं ते खाली, हे माझ्या हाडात मुरलेलं. पण घरी येताना मला अजिंठा आठवला. दहाव्या लेण्यात भिंतीवरच्या चित्रावरच एका इंग्रज अधिकाऱ्यानं खरडून ठेवलंय : जॉन स्मिथ, त्याची घोडदळाची पलटण, २८ एप्रिल १८१९. कोण ते झालं, केव्हा ते झालं, आणि कुठं ते सांगायची गरजच नाही, भिंतच ती. विशेषण एकही नाही. शिकारीला आलेल्या माणसाला प्रेसनोट जमली. ज्यांनी ती लेणी रंगवली, त्यांची नावं मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. अर्थात स्मिथनं केलं ते पापच, पण पहिलं वाक्य मानलं पाहिजे.

दुसरी प्रेसनोट मी पाच ओळींची लिहिली आणि मेलवर पाठवली. अर्ध्या तासात फोन. ‘सर, कुठल्या फॉन्टात टाइप केलंय?’ आमच्या गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडे निजामाच्या काळातला वाटावा असा फॉन्ट आहे. पलीकडे तो युनिकोडमध्ये बदलताना माझा ‘चत्रिकार’ झाला आणि सहकार्य करणाऱ्या सगळ्या मित्रांचे ‘मत्रि’. तो निस्तरला तर फोटोचं निघालं. मी व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तो वाटेतच बारीक झाला, छापायला कामाचा नाही. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसाच्या तसा येतो.’ पाठवला. ‘यात नुसतीच बारव आहे सर, माणूस कुठाय?’ आणि लगेच मुख्य प्रश्न : ‘उद्घाटनाला पाहुणा कोण?’

पाहुणा नव्हता. बारवेला शेकडो वर्षं पाहुण्याशिवाय भागलं, हे मी बोलून दाखवलं नाही.

तरी बातमी आली! सिंगल कॉलम, आतल्या पानावर. पहिलं वाक्य शाबूत होतं : जिल्ह्यातील प्राचीन विहिरींच्या २२ जलरंग चित्रांचे प्रदर्शन, वार, वेळ, सभागृह, सगळं. उरलेल्या चार ओळी खालून कापल्या होत्या, त्यात माझं नाव होतं. पण ते शीर्षक! सिंगल कॉलममध्ये शब्द मावतात तीन-चार. तर ‘विहिरींचे शुक्रवारपासून प्रदर्शन’.

शुक्रवारी दहा वाजता दार उघडलं तर बाहेर सात-आठ जण बसलेले. धोतर, टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी. मी गहिवरलो. ग्रामीण रसिक! त्यातल्या एकानं पिशवीतून सातबारा काढला, सोबत आधारची झेरॉक्स. ‘साहेब, विहिरीच्या अनुदानाचे फारम इथंच देतेत का?’

समजावून सांगेपर्यंत अकरा वाजले. बाकीचे शिव्या न देता गेले, हा त्यांचा मोठेपणा. एक म्हातारे मात्र थांबले. आलोच आहोत तर बघतो म्हणाले. चपला दाराशी काढून एकेका चित्रापुढं उभे राहिले. वालूरच्या चित्रापाशी बोटानं पायऱ्या मोजल्या.

‘पाणी दिसंना.’

‘मे महिन्यात काढलंय, बाबा.’

‘मग बराबर हाय.’ जरा वेळानं म्हणाले, ‘आमच्या गावची बारव, देवळाच्या मागची, दोन सालापसून कचऱ्यानं बुजली, पंचायत झाडंना, कारण रस्ता न्हाई. हे पेपरात येईल का?’

मी मनात मोजलं. काय, कुठं, केव्हापासून, कोण, कामून. एका दमात. तिथल्याच एका निमंत्रणपत्रिकेच्या मागं जसंच्या तसं लिहून घेतलं आणि म्हटलं, ‘येईल, पण फोटो लागंल.’

रविवारी गावी गेलो. बारव खरंच सुंदर होती, म्हणजे असावी. मी मोबाईल रोखला तसे म्हातारे टोपी सारखी करत पुढं आले आणि बरोबर मधोमध उभे राहिले. ‘बाबा, थोडं बाजूला सरका,’ म्हणणार होतो. मग उपसंपादक आठवला आणि बटण दाबलं.