अ‍ॅल डेव्हिसने रेडर्स ‘विकत’ घेतलाच नव्हता

अमेरिकन फुटबॉलचा विषय निघाला की रेडर्स संघाचा मालक म्हणून ओळखल्या गेलेल्या अ‍ॅल डेव्हिसची एक कहाणी हमखास पुढे केली जाते. प्रशिक्षक म्हणून त्याने तीन सुपर बाउल (हंगामाचे अंतिम विजेतेपदाचे सामने) जिंकले, त्या कमाईतून ओकलंडचा रेडर्स संघ विकत घेतला, कमिशनर, म्हणजे लीगचा प्रमुख, होऊन दोन लीगचं विलीनीकरण घडवलं आणि शेवटी नियम धाब्यावर बसवून संघ बेकायदा लॉस एंजेलिसला पळवला. ऐकायला झकास आहे, पण यातला एकही दावा टिकत नाही.

‘प्रशिक्षक म्हणून तीन सुपर बाउल’

एकही नाही. डेव्हिस रेडर्सचा मुख्य प्रशिक्षक होता तो १९६३ ते १९६५ असे तीनच हंगाम. पहिला सुपर बाउल झाला जानेवारी १९६७ मध्ये, तेव्हा त्याने मैदानावरची जबाबदारी सोडलेली होती. मात्र त्याचं प्रशिक्षण सामान्य होतं असं समजू नका. १९६२ मध्ये १४ पैकी १३ सामने हरलेला संघ त्याच्या हाती आला आणि पुढच्याच वर्षी १० जिंकला, ४ हरला. तिन्ही हंगामांचा हिशेब २३ विजय, १६ पराभव, ३ बरोबरी. सुपर बाउल आले ते तो मालकांत असताना: एक प्रशिक्षक जॉन मॅडनच्या हाताखाली, दोन टॉम फ्लोरेसच्या.

‘विलीनीकरण त्यानेच घडवलं’

इथे तर गोष्ट पार उलटी आहे. एप्रिल १९६६ मध्ये तो एएफएल या नव्या लीगचा कमिशनर झाला तो जुन्या एनएफएल लीगशी भिडण्यासाठी. त्याचा डाव साधा होता: समोरच्या लीगचे क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारे खेळाडू) फोडायचे. सॅन फ्रान्सिस्कोचा जॉन ब्रॉडी आणि लॉस एंजेलिस रॅम्सचा रोमन गॅब्रिएल यांच्याशी एएफएलच्या संघांनी बोलणी पक्की करत आणली होती. पण त्याच काळात त्याच्याच लीगमधला संघमालक लमार हंट एनएफएलच्या डॅलस संघाचा कारभारी टेक्स श्रॅम याच्याशी गुपचूप तडजोड करत होता. कमिशनरला अंधारात ठेवूनच. ८ जूनला विलीनीकरण जाहीर झालं, तेही एएफएलने २० वर्षांत १ कोटी ८० लाख डॉलर मोजायचे या अटीवर. डेव्हिसच्या मते आपण जिंकत आलेली लढाई पैसे देऊन थांबवली गेली. जुलैमध्ये त्याने पद सोडलं.

‘संघ विकत घेतला’

सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. १९६६ मध्ये ओकलंडला परतताना त्याला मिळाला १० टक्के हिस्सा, १८,५०० डॉलरला. पण त्यासोबत तो तीन जनरल पार्टनरांपैकी एक झाला. बाकीचे दोघे वेन व्हॅली आणि एड मॅगा. खरी मेख या पदात आहे. अशा भागीदारीत लिमिटेड पार्टनर पैसा घालतो, नफा घेतो, कारभारात बोलत नाही. निर्णय जनरल पार्टनर घेतात. म्हणजे टक्के कितीही असोत, तीनांतली दोन मतं हाती आली की संघ हाती.

१९७२ मध्ये व्हॅली म्युनिक ऑलिंपिकसाठी परदेशी गेला असताना डेव्हिसच्या वकिलांनी नवा भागीदारी करार तयार केला. त्यात संघाचा सगळा कारभार डेव्हिसकडे दिला होता. मॅगाने सही केली. दोन विरुद्ध एक, विषय संपला. परत आलेल्या व्हॅलीने कोर्ट गाठलं, पण करार कायम राहिला आणि १९७६ मध्ये त्याने हिस्सा विकून टाकला. बहुमताचा हिस्सा डेव्हिसकडे आला तो थेट २००५ मध्ये, मॅगा कुटुंबाचा वाटा घेतल्यावर. म्हणजे तीन दशकांहून जास्त काळ तो ‘मालक’ म्हणून मिरवला तो खिशाच्या नव्हे, कलमाच्या जोरावर. (व्हॅलीने जाताना वकिलाला नीट सांगून ठेवलं असतं तर?)

‘बेकायदा पळवला’

लीगची परवानगी नव्हती, हे खरं. मार्च १९८० मध्ये मालकांनी २२ विरुद्ध ० मतांनी स्थलांतर फेटाळलं, पाच जण तटस्थ राहिले. पण लीगचा नियम म्हणजे देशाचा कायदा नव्हे. तीन चतुर्थांश संमतीची अट स्पर्धा दडपते, असा दावा रॅम्स निघून गेल्याने रिकाम्या पडलेल्या लॉस एंजेलिस कोलिझियमने आणि रेडर्सने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली लढवला. पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. मे १९८२ मध्ये निकाल लीगच्या विरोधात गेला आणि संघ त्यानंतरच हलला. १९८४ मध्ये अपील कोर्टानेही लीगचा दोष कायम ठेवला. ओकलंडच्या चाहत्यांचा राग रास्त होता, पण बेकायदा हा शब्द चुकीचा.

‘मालकही आणि प्रशिक्षकही असा तो एकमेव’

नाही. जॉर्ज हॅलस शिकागो बेअर्सचा मालक आणि प्रशिक्षक दोन्ही होता, तोही ४० हंगाम. पॉल ब्राऊनने १९६८ मध्ये स्वतः उभारलेला बेंगल्स संघ स्वतःच प्रशिक्षक होऊन मैदानात उतरवला.

शेवटी एक पुस्ती: ‘प्रशिक्षकच मालक असला की खेळाडूंची निवड चुकत नाही.’ २००३ ते २००९ या सातही हंगामांत रेडर्स किमान ११ सामने हरला. डेव्हिसला वेगाचं वेड होतं. लांब पल्ल्याचे पास झेलायला वेगवान माणूस हवा, हे सूत्र त्याने १९६० पासून धरलेलं. २००९ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या फेरीत) सातव्या क्रमांकावर त्याने डॅरियस हेवर्ड-बे उचलला, कारण तो ४० यार्ड ४.३० सेकंदांत धावला होता. पास झेलणाराच मायकेल क्रॅबट्री तेव्हा उपलब्ध होता. तो दहाव्या क्रमांकावर खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्कोने घेतला.