एकच स्टार देणाऱ्या अभिप्रायास उत्तर: उरलेल्या सागवानाविषयी

आदरणीय महोदय,

आपला अभिप्राय वाचला. जात्यावर बसलेल्या बाईचे शिल्प ठरल्यापेक्षा पाच आठवडे उशिरा मिळाले, घरी नेल्यावर महिन्याभरात त्याच्या पाठीवर भेग पडली, लाकूड स्वतःचे देऊनही 38,000 रुपये मोजावे लागले आणि काट्यावर 104 किलो भरलेल्या सागवानातून हाती आले ते जेमतेम 23 किलो, "बाकीचे कुठे गेले ते कारागिरालाच ठाऊक", असे आपण लिहिले आहे. उशिराबद्दल आणि भेगेबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. शेवटच्या वाक्याबद्दल मात्र सविस्तर लिहिणे मला भाग आहे, कारण उद्या जो नवा ग्राहक हे वाचेल त्याच्या लक्षात भेग राहणार नाही, ते वाक्य राहील, आणि आपल्या पाडलेल्या घराचे लाकूड माझ्या हवाली करताना त्याचा हात मागे येईल.

सातारा जिल्ह्यातील आपल्या आजोळच्या घराच्या दोन तुळया जून महिन्यात टेम्पोने माझ्याकडे आल्या. प्रत्येकी साधारण पाच फूट लांब आणि नऊ इंच चौरस. गावाकडच्या काट्यावर त्या 104 किलो भरल्या, याबद्दल माझा वाद नाही. फक्त ते वजन माती आणि लोखंड धरून होते. दोन्ही तुळयांतून मिळून 57 खिळे निघाले. ते आजच्यासारखे गोल तारेचे नव्हते, लोहाराने ठोकून केलेले चौकोनी होते, आणि त्यांतले कित्येक माथी तुटून लाकडात असे गडप झाले होते की धातुशोधक यंत्र फिरवल्याशिवाय त्यांचा पत्ता लागत नव्हता. तरीही एक सुटलाच आणि करवतीचे पान गेले. त्या पानाचे पैसे मी बिलात लावलेले नाहीत.

तुळईचे जे टोक भिंतीत गेलेले असते ते वर्षानुवर्षे ओल पिते. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, परंतु बाहेरचे पांढरट लाकूड आणि ओलीने कुजलेला भाग ती सोडत नाही. आपल्या एका तुळईचे अकरा इंच आणि दुसरीचे सात इंच टोक हाताने दाबले तरी भुगा होत होते. ते कापून टाकले. शिवाय जिथे खांबाचा सांधा बसवलेला होता तिथे आरपार खाच होती. त्या पोकळ भागातून शिल्प निघत नाही. असे एकूण वीस किलो गेले असतील. दुसऱ्या तुळईला लांबीच्या दिशेने फाट होती, त्यामुळे तिच्यातून बैठकीसाठी वीस इंचांचाच सलग तुकडा मिळाला.

आणि शिल्प हे लाकूड काढून टाकूनच होते, जोडून होत नाही. पटाशीने उडालेल्या ढलप्या व करवतीचा भुसा मिळून अठरा किलोंच्या आसपास तरी भरला असता. त्यातला मूठभर भुसा सरसात कालवून आपल्याच शिल्पातील खिळ्यांची भोके बुजवली. ढलप्या शेजारच्या आजी बंबात घालायला नेतात. हा आमचा जुना प्रघात आहे. त्या देण्याआधी आपल्याला विचारायला हवे होते, हे आता जाणवते, आणि तेवढ्यापुरता आपला आक्षेप मला मान्य आहे.

उरलेले लाकूड कारखान्यात आहे. चौदा इंचांचा एक चांगला तुकडा आणि फाटलेल्या तुळईचे पाच तुकडे, सर्वांवर खडूने आपले आडनाव लिहिलेले. ते घेऊन जावे म्हणून मी आपल्याला दोनदा फोन केला होता. दुसऱ्या वेळी आपण "बघू" म्हणालात. आज सकाळी ते सर्व काट्यावर ठेवले, 39 किलो भरले. बाकी राहिलेल्या तीन-चार किलोंत ते खिळे आणि माती आली. किलोभर इकडचे तिकडे असेल, तर त्याला माझा इलाज नाही. जुने सागवान घनफुटाच्या भावाने कुठे विकले जाते हे मला ठाऊक आहे, पुण्याच्या भवानी पेठेतला लाकूडबाजार माझ्यापासून दूर नाही. परंतु आपल्या तुकड्यांतील एकही तिकडे गेलेला नाही.

एक गोष्ट आपण अभिप्रायात लिहिली नाही, म्हणून मी लिहितो. पहिल्या तुळईत झोपाळ्याची कडी होती. झोपाळ्याच्या साखळीने ती आतल्या बाजूने निम्मी झिजली होती. ती मी काढून, गंज पुसून, कापडी पिशवीत शिल्पासोबत दिली. लाकूड लाटायचे असते तर लोखंडाची कडी कशाला परत केली असती?

किमतीबद्दल एवढेच, की 38,000 रुपयांत लाकडाचा एक रुपयाही नाही. ती दोन कारागिरांची आणि माझी मजुरी आहे. सागात वाळूसारखे कण असतात, त्याने धार लवकर जाते आणि दिवसातून अनेकदा हत्यारे परजावी लागतात. शिल्प न्यायला आलात तेव्हा आपल्यासोबतचे गृहस्थ "भंगारातल्या लाकडाला एवढे?" असे माझ्या माणसांसमोर बोलले, तेव्हा मी गप्प राहिलो. उशिराचे म्हणाल, तर तुळया भिजलेल्या आल्या होत्या, त्या तीन आठवडे सावलीत वाळवाव्या लागल्या. आणि काम अर्ध्यावर असताना बैठकीला पुण्यातल्या विश्रामबागवाड्याच्या सुरूच्या झाडासारख्या घडवलेल्या खांबांवर असते तशी केळफुलाची नक्षी हवी, असे आपण सुचवलेत. मी तेव्हाच वाढीव मुदत मागायला हवी होती. भिडेखातर मागितली नाही.

भेग मात्र माझ्या हिशोबातली चूक आहे. अख्ख्या ओंडक्याची तुळई असली की झाडाचा मध्य आतच राहतो, आणि हवा कोरडी झाली की भेग त्या मध्याकडे धावते. आपण शिल्प एसीच्या खोलीत ठेवणार आहात हे मला माहीत नव्हते, पण ते विचारणे माझेच काम होते. भेगेत त्याच लाकडाची बारीक पाचर बसवून ती मिटवता येते. दुसऱ्या सागाचा रंग जुळत नाही, म्हणूनच चौदा इंचांचा तो तुकडा मी इतके दिवस जपून ठेवला आहे. हे काम विनामूल्य करून देईन. यापुढे आलेल्या लाकडाचे वजन व छायाचित्रे नोंदवून ठेवण्याची काहीतरी व्यवस्थाही करत आहोत.

शिल्प आणण्यासाठी टेम्पो मी पाठवतो. पाचर बसवून झाली की उरलेले तुकडे त्याच टेम्पोत चढवून देईन. वजन आपल्यासमोर करू. बुधवारी कारखाना बंद असतो, एरवी सकाळी दहानंतर मी तिथेच असतो.

आपला नम्र,
कारखान्याचा चालक