भाऊ, पंख्याचा स्विच मी तपासायला पाहिजे होता

नमस्कार भाऊ. तुम्ही आमच्या वडनेरच्या गॅरेजला ऑनलाइन एक तारा देऊन लिहिलं की तुमची जुनी टोयोटा एमआर-टू चार महिने अडकवून ठेवली, ९६,४०० रुपये घेतले, गाडी घेऊन निघालो तर नागपूरला पोचायच्या आधीच बुटीबोरीला तापली, आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या हातात जपानी गाडी देऊ नका. मी ते तीनदा वाचलं. दुकानातल्या दोन्ही पोरांनाही वाचून दाखवलं.

गाडी तापली त्यात चूक माझी आहे. दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी येऊन रेडिएटरच्या पंख्याचा स्विच मी काढून आणला तेव्हा तुम्ही ड्युटीवर होता, म्हणून समोरासमोर बोलणं राहिलं. तुमच्या गाडीत हा स्विच थंड असताना जोडलेला असतो. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, तापलं की तो उघडतो, म्हणजे विजेचा जोड तोडतो, आणि पंखा सुरू होतो. त्यामुळे त्याचं कनेक्टर काढलं की पंखा फिरायला पाहिजे. गाडी देण्याआधी मी तेवढंच केलं. पंखा फिरला आणि मी पुढच्या कामाला लागलो. पण त्यातून वायर, रिले आणि मोटर चांगली आहे एवढंच कळतं. स्विच स्वतः तापल्यावर उघडतो की नाही, हे कळत नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. नवा थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप, बसवण्याआधी आम्ही तो घरच्या पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून तपासला होता. ८२ अंशांच्या जवळ त्याने तोंड उघडलं तेव्हा पोरांनी व्हिडिओ काढून तुम्हाला पाठवला, तो तुमच्या मोबाइलमध्ये असेल. त्याच पाण्यात हा स्विच सोडून मल्टिमीटर लावला असता तर दहा मिनिटांत खरं काय ते कळलं असतं. परवा तसं केलं. पाणी खळखळ उकळलं तरी स्विच उघडला नाही.

ट्रायलही मी चुकीच्या वेळी घेतली. पहाटे साडेपाचला वडनेरहून निघालो, जाम चौरस्त्याला जाऊन परत आलो. हवा गार, रस्ता मोकळा, कुठे थांबायचं काम पडलं नाही. पळत्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळतो, पंखा बंद असला तरी तापमानाची सुई मध्यावर राहते. तुम्ही निघालात ते नवतपाच्या कडक उन्हात, दुपारी दीडला, आणि बुटीबोरीला ट्रकांच्या रांगेत उभे राहिलात. उभ्या गाडीला पंख्याशिवाय दुसरा आधार नसतो. सुई चढल्याबरोबर तुम्ही इंजिन बंद केलं, ते फार बरं केलं.

त्यानंतर रस्त्यावरच्या माणसाने मागून साधं पाणी भरून दिलं आणि दहा किलोमीटरवर गाडी पुन्हा तापली. त्या माणसाला दोष देता येणार नाही, कारण ही गाडी त्याने कधी पाहिलेली नसणार. हे वाचणाऱ्या बाकी लोकांसाठी थोडं खुलासेवार लिहितो.

टोयोटाची ही एमआर-टू १९८४ साली आली. इंजिन सीटच्या मागे असलेली, कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली ती जपानची पहिली गाडी, आणि त्या वर्षी तिथला कार ऑफ द इयरचा मान तिलाच मिळाला. भाऊंची गाडी १९८७ ची आहे, त्यांच्या मामांनी परदेशातून परत येताना सोबत आणलेली. इंजिन १६०० सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, ४ए-जीई. इंजिन मागे असलं तरी रेडिएटर नाकात आहे. त्यामुळे कूलंट गाडीच्या पोटाखालून दोन लांब लोखंडी पाइपांतून पुढे जातं आणि गार होऊन मागे येतं. साध्या छोट्या गाडीच्या दुपटीहून जास्त कूलंट लागतं. मागच्या तोंडातून नुसतं ओतलं तर मागचा भाग भरतो आणि पुढे रेडिएटरच्या व हीटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकून बसते. हवा अडकली की पाणी फिरत नाही. वर सेन्सरभोवती पाणी नसलं तर सुईसुद्धा खरं सांगत नाही.

ही हवा काढायला पुढे रेडिएटरला एक आणि हीटरला एक, अशा दोन जागा दिलेल्या आहेत. तिथे आम्ही गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी लावतो, तिची टोकं उंच टांगतो, हीटरची खुंटी पूर्ण गरमवर ठेवतो आणि मागून हळूहळू कूलंट सोडतो. नळीतून आधी बुडबुडे येतात, मग लाल धार, मग परत बुडबुडे. दोन्ही नळ्यांत आणि मागच्या तोंडाशी पातळी एक झाली आणि तासभर तशीच राहिली, की समजायचं पोट भरलं. तुमच्या गाडीला या कामात आमची अख्खी दुपार गेली होती. ते काम नीट झालं होतं, हे मी आजही सांगतो.

आता चार महिन्यांचं. जानेवारीच्या शेवटी गाडी ट्रकवर घालून आली तेव्हा ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरा थर होता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेलं होतं. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडलं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, आधी कधीतरी जोरात तापलेलं. ते वाकलं का पाहायला सरळ पट्टी ठेवून फट मोजायचा फीलर गेज लावला तर ०.१५ मिलिमीटरची पात खालून निघून जात होती. कंपनीची मर्यादा ०.०५ ची आहे. म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट नुसतं बदलून भागणारं नव्हतं, हेडला नागपूरहून फेस मारून, म्हणजे मशीनवर सपाट करून, आणणं भाग होतं. त्याच वेळी पोटाखालचे पाइप काढले. एकाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तर ते आरपार गेलं. कितीतरी वर्षं कोणीतरी त्यात कूलंटच्या जागी बोअरचं पाणी भरत आलं होतं. आमच्याकडच्या बोअरचं पाणी किती जड आहे ते चहाच्या भांड्याच्या बुडाला पाहा. पाइप आतून गंजून, पापुद्रे सुटून अर्धे भरले होते.

रबरी होज जोडून, मधे क्लॅम्प मारून गाडी फेब्रुवारीतच देता आली असती. पोटाखाली एक्झॉस्टची उष्णता आणि खालून गिट्टीचा मार, अशा जागी रबर ठेवायला मी तयार नव्हतो. टोयोटाने २०२० पासून जुन्या सुप्रा आणि २००० जीटीचे काही पार्ट पुन्हा बनवायला घेतले. तुमच्या गाडीचे पाइप मात्र मला नवे कुठेच मिळाले नाहीत. म्हणून जुने पाइप नमुना धरून स्टेनलेस स्टीलचे वाकवून घेतले आणि टोकांना कडा उचलून घेतली, म्हणजे क्लॅम्प सरकत नाही. पहिली जोडी एका वळणाला दोन सूत कमी पडली. ती टाकून दुसरी केली. तिचे पैसे तुमच्या बिलात नाहीत.

गॅस्केटचा संच जपानहून मागवला, तर विकणाऱ्याने वीस व्हॉल्व्हच्या ४ए-जीईचा पाठवला. नाव एकच, वरचं कव्हर वेगळं. तो परत करून बरोबर संच हाती यायला एप्रिल उजाडला. हे सगळं तुम्हाला त्या त्या वेळी सांगायला पाहिजे होतं. तुम्ही फोन करून राहिले होते आणि मी दोनदा "पुढच्या आठवड्यात देतो" म्हटलं. तेव्हा मला स्वतःलाच तारीख माहीत नव्हती. तसं बोलणं चूक होतं, त्याची माफी मागतो.

बिलात पार्ट आणि त्यावरची ड्युटी मिळून ४७,३००, पाइपचे १४,६००, हेडचे ४,५०० आणि मजुरी ३०,०००. पावत्या तुमच्या फाइलमध्ये लावल्या आहेत. या गाडीचे हेडलाइट लावल्यावर बॉनेटमधून वर येतात, त्यातला उजवा अर्धाच वर येतो असंही तुम्ही लिहिलं. तो आला तेव्हाही तसाच होता आणि कामात धरला नव्हता. सध्या मोटरवरची रबरी टोपी काढून खालची खुंटी हाताने फिरवा, पूर्ण वर येईल.

ट्रॅक्टरवाल्यांबद्दल तुम्ही लिहिलं त्यावर मला बोललंच पाहिजे. माझे वडील याच टिनाखाली ट्रॅक्टर आणि ऑइल इंजिन दुरुस्त करायचे. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडला तर त्या घराचं वर्ष बुडतं, म्हणून इथे काम करताना हात थरथरतो, आणि म्हणूनच काम पक्कं करायची सवय लागते. तुमच्या हेडचे बोल्ट ज्या पोराने मधून बाहेर, ठरल्या क्रमाने, तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळले, तो आयटीआय झालेला शेतकऱ्याचा मुलगा आहे. व्हॉल्व्हच्या सोळाही शिम, म्हणजे फट ठरवणाऱ्या चकत्या, त्यानेच मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहिल्या. फट इनटेकला ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या आत, एक्झॉस्टला ०.२० ते ०.३० च्या आत. तुमचं इंजिन आज टिकटिक न करता चालतं ते त्याच्या कामामुळे. पंख्याचा स्विच त्याच्याकडे दिलाच नव्हता, तो मी पाहत होतो. राग माझ्यावर काढा, तो रास्त आहे. त्या पोराचं काम खराब होतं असं कोणी समजू नये.

नवा स्विच काल आला. पातेल्यात तीनदा उकळून पाहिला, तिन्ही वेळा उघडला आणि गार झाल्यावर परत जोडला गेला. रविवारी सकाळी सातपर्यंत मी टोईंगची गाडी घेऊन तुमच्या घरी येतो. त्याचं भाडं माझं. इथे आणल्यावर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तुमच्यासमोर पाहू. या तापण्याने हेड परत वाकलं असेल तर फेस, गॅस्केट आणि मजुरी सगळं माझ्याकडे. साधं पाणी पूर्ण काढून, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं कूलंट घालून परत भरू. मग दुपारी दोन वाजता उन्हात गाडी जागेवर तासभर चालू ठेवू आणि पंखा किती वेळा लागतो ते तुम्ही स्वतः मोजा. समाधान झालं तरच चावी घ्या.

तोवर एक विनंती. स्विच काढलेल्या जागी मी फक्त बूच लावलं आहे आणि आत कूलंट अर्धंच आहे. म्हणून गाडी सुरू करू नका. अंगणात जागा करायची असेल तर न्यूट्रलला टाकून दोघांनी ढकला. आरसी आणि डॅशमधली दुसरी चावी तेवढी काढून ठेवा.