गाडीचा धूर झाडायला हत्तरगीपर्यंत जाऊन आलो

आज रविवार. सकाळी साडेसहाला उठलो, चहासुद्धा न घेता गाडी काढली. काकती, होनगा, वंटमुरीचा घाट करत हत्तरगीच्या टोलनाक्याच्या अलीकडं गेलो, गाडी वळवली आणि परत बेळगावला, शहापूरला आलो. कुणाचं लग्न नव्हतं की कुणाला बघायला जायचं नव्हतं. गाडीच्या पोटातली काजळी जाळायला गेलो होतो. अठरा लाखांची गाडी आणि तिला म्हशीगत रानात फिरवून आणायचं, का तर घरात तिचं पचन होत नाही!

माझं घर शहापुरात, काम उद्यमबागेत, गावातल्या कारखान्यांच्या भागात. चार-पाच किलोमीटर. त्यात रेल्वे गेट, त्यात अनगोळची गर्दी, त्यात कुणीतरी रस्ता खणून ठेवलेला. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस गावांत आमचं नाव आलं, तेव्हापासून खणालेत ते खणालेतच. असल्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरच्या वर गाडी जाते कुठं? हे शोरूममधल्या त्या टायवाल्या पोराला माहीत नव्हतं काय? तोही याच गावचा. रंग कुठला पाहिजे विचारलं. सनरूफ पाहिजेच म्हणाला. सीट कव्हर, मॅट, चार वर्षांची जादा वॉरंटी, सगळं विचारलं. 'साहेब, रोज किती किलोमीटर चालते हो गाडी?' हा एक प्रश्न काही त्याच्या तोंडातून आला नाही. 'डिझेल घ्या सर, मायलेज' एवढंच. आणि मीही गाढव. 'डिझेल म्हणजे ताकद' म्हणून सही करून मोकळा.

आता ज्यांना अजून हा प्रसाद मिळालेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ चा नियम आला आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ म्हणून एक डबा बसला. आत मधाच्या पोळ्यासारख्या बारीक बारीक भोकांची सिरॅमिकची जाळी. धुरातली काजळी तिथं अडकते. हवा स्वच्छ राहते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण जाळी भरली की ती काजळी जाळून राख करावी लागते आणि त्याला सहाशे डिग्रीच्या आसपास उष्णता लागते. ती उष्णता कधी मिळते? गाडी साठच्या वर, सलग पंधरा-वीस मिनिटं पळाली की. सलग! शहापूर ते उद्यमबाग सलग पंधरा मिनिटं साठनं पळवायची असेल तर रात्री दोन वाजता निघून तीन-चार फेऱ्या माराव्या लागतील.

मग होतं काय, गाडी बिचारी स्वतःच जाळायचा प्रयत्न करते. जास्तीचं डिझेल सोडते, इंजिन जरा घुमायला लागतं, पंखा जोरात फिरतो. तेवढ्यात माझी कंपनी येते आणि मी चावी काढतो. जाळणं अर्धवट. संध्याकाळी परत सुरू, परत अर्धवट. ते न जळलेलं डिझेल जातं कुठं? सिलिंडरच्या भिंतीवरून खाली, इंजिन ऑइलमध्ये. एक दिवस सहज डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल खुणेच्या वर! वीस वर्षं मशिनवर काढली, ऑइल कमी झालेलं बघितलंय, वाढलेलं पहिल्यांदा बघितलं. वास घेतला तर डिझेल. असलं पातळ ऑइल टर्बोला आणि बेअरिंगला पाजायचं म्हणजे दुधात पाणी घालून पैलवान तयार करण्यातला प्रकार.

डॅशबोर्डवर डीपीएफचा पिवळा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांनी लॅपटॉप जोडला, गाडी जागेवर घुमवून काजळी जाळली, बिल हातात. महिन्याभरात परत दिवा. परत गेलो. या वेळी गाडीनं ताकदच सोडली होती, वंटमुरीच्या चढाला ट्रॅक्टर मागून हॉर्न मारत होता. काउंटरवरचा म्हणाला, 'सर, फिल्टर बदलावा लागेल. सवा लाख.' मी म्हटलं, वॉरंटी आहे की. तर म्हणे, 'हे वॉरंटीत येत नाही री. तुमचा वापर शॉर्ट आहे.' म्हणजे गाडी कमी चालवली हा माझा गुन्हा! आणि पुस्तक उघडून दाखवलं, कुठल्यातरी दोनशेच्या पुढच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं. अरे बाबा, हे पान पैसे घ्यायच्या आधी दाखवायचं असतं. पूजा करून, नारळ फोडून, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी घरी आणल्यावर पान दोनशे कोण वाचतंय?

शेवटी भांडून, मोठ्या साहेबाला बोलावून, परत एकदा जाळून घेतली. फिल्टर बदलला नाही. गाडी अजून त्याच फिल्टरवर चालतेय. म्हणजे सवा लाख कशाचे मागितले होते ते त्यांना विचारा.

मला खरा राग याचाच आहे. बदला, बदला, बदला. 'असेंब्ली' हा शब्द ऐकला की आता डोक्यात कळ जाते. दुरुस्ती म्हणून काही राहिलंच नाही. या गावात, उद्यमबागेत, आम्ही क्रँकशाफ्ट घासतो. फाउंड्रीतून कास्टिंग निघतात, मायक्रॉनमध्ये मोजमाप होतं, देशभरात माल जातो. आणि आमच्याच गावात एक प्लास्टिकचं क्लिप तुटलं तर अख्खा डबा पुण्यावरून मागवायचा. तोही कधी? 'पार्ट बंदिल्लरी, नाळे बर्री.' म्हणजे पार्ट आला नाही, उद्या या. सोमवारी गेलो तर नाळे बर्री, गुरुवारी गेलो तर नाळे बर्री. आमचा सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. तारीख कशी पुढं ढकलायची ते ह्यांनी तिथंच शिकून घेतलं असेल. आणि ह्यात भाषेचा काही वाद नाही हां, तो पोरगा माझ्याशी मराठी बोलतो, मी त्याच्याशी कन्नड बोलतो. पार्ट दोन्ही भाषांत येत नाही.

आता सनरूफची गोष्ट ऐका.

जुलैमध्ये सासरवाडीला गेलो होतो, जांबोटीच्या पुढं. तिकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते ती उगाच नाही. येताना मामांना दवाखान्यात दाखवायचं म्हणून सोबत घेतलं, मानानं पुढं बसवलं. खानापूरच्या अलीकडं मामा टोपी काढून बघायला लागले. टोपी ओली. वरून थेंब. मग थेंबाची धार. मी गप्प. मामा जरा वेळानं म्हणाले, 'जावईबापू, आमच्या कौलातनंबी एवढं गळत न्हाई.'

बायको मागच्या सीटवर पदर तोंडात धरून हसत होती. मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

परत सर्व्हिस सेंटर. परत तेच. 'रूफ काढावं लागेल सर, सील आणि फ्रेम असेंब्ली.' आकडा ऐकून मी गाडी तशीच वळवली आणि वडगावच्या आमच्या जुन्या मेस्त्रीकडं नेली. वडिलांच्या मारुती ८०० पासून हाच माणूस. त्यानं काच मागं सरकवली, कडेच्या पन्हळीत बोट फिरवलं, चिंचेचा पाला आणि चिखल बाहेर काढला. 'ह्याला चार कोपऱ्यात चार नळ्या हाईत. पाणी सनरूफमधून आत येणारच, ते नळीतून खाली जायला पायजे. नळी तुंबली तर ते तुमच्या डोक्यावर नाही येणार तर कुठं जाणार?' गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी असते, ती घातली, हळूच मागं-पुढं केली. मी म्हटलं, हवा मारा की कॉम्प्रेसरनं. म्हणाला, 'नको, आतला सांधा निसटला तर मग छत काढावंच लागेल.' वरून तांब्याभर पाणी ओतलं, चाकाजवळ खाली गळालं. झालं. दोनशे रुपये आणि एक चहा.

तीच कथा त्या चार दिव्यांची. एका सकाळी डॅशबोर्डवर एबीएस, ट्रॅक्शन, हिल असिस्ट आणि अजून एक कसलातरी, असे चार दिवे एकदम. घाबरून घाम फुटला, एवढं काय काय मोडलं म्हणून. काही मोडलं नव्हतं. चाकाचा वेग मोजणारा एक सेन्सर असतो, त्यावर खानापूरची लाल माती बसली होती. चारही यंत्रणा त्याच एका सेन्सरचं ऐकतात, तो गप्प झाला की चौघी बोंबलतात. मेस्त्रीनं पुसला. मोजले तर दहा मिनिटं.

बाकी किरकोळ. स्पीडब्रेकरवर पुढून टक-टक, तर लिंक रॉड. ते वर्षाला एकदा धरूनच चालायचं आपल्या रस्त्यावर. उंदरानं वायर खाल्ली, ती वॉरंटीत नाही, उंदरालाही पान दोनशे माहीत असणार. आणि एसीचं बटण काढून स्क्रीनच्या आत घातलंय कुणी शहाण्यानं. मे महिन्यात स्क्रीन अडकला की एसी लावायला गाडी बंद करून चालू करायची. पूर्वी एक गोल बटण होतं. आंधळासुद्धा फिरवायचा.

मेस्त्री आता साठीच्या पुढं गेलाय. डीपीएफच्या दिव्यापुढं त्यानंही हात टेकले. 'माझ्याकडं तो लॅपटॉप न्हाई बघा. हायवेला घेऊन जा, एक गिअर खाली ठेवून पळव, मधी बंद करू नको.' म्हणून ही हत्तरगीची वारी. दर दहा-पंधरा दिवसांनी डिझेल जाळायचं, कशासाठी, तर आधी जाळलेल्या डिझेलची काजळी जाळायला. विकतो म्हटलं तर एक्स्चेंजवाला म्हणतो, 'साहेब, लोकल वापराची डिझेल आहे, भाव कमीच येणार.' आता बरं कळतंय!

घरात फक्त आई खूश आहे. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा म्हणाली, उगाच रिकामा कशाला जातोस, पळवायचीच आहे तर सौंदत्तीला यल्लम्माला चल. गेलो. दुसऱ्या वेळी जोतिबाला. आता तिला त्या दिव्याचं चित्र पाठ झालंय, गाडीत बसली की आधी डॅशबोर्डकडं बघते. आज हत्तरगीहून परत आलो तर दारातच उभी. 'एकटाच गेलास व्हय रे? दिवा लागलाय म्हणून सांगायचं की. नरसोबाच्या वाडीला जाऊन किती दिवस झाले!'