"गिऱ्हाईक इथून तिथून सारखंच" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची कमेंट नीट वाचली, आणि दोन ओळीत आभार मानून सोडून द्यावी अशी ती नाहीये, म्हणून वेगळं उत्तर लिहितोय. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीकडे, म्हणजे सीएसआरकडे, वेगवेगळ्या देशांतले ग्राहक वेगवेगळ्या नजरेने बघतात. त्यावर तुमचं म्हणणं असं की गिऱ्हाईक इथून तिथून सारखंच, ते किंमत बघतं आणि माल बघतं, सर्व्हेत मात्र चारचौघात शोभेल असं उत्तर देतं. 'संस्कृती' म्हणून अख्ख्या देशावर शिक्का मारणं चूक आहे. आणि असल्या लेखांमुळे कंपन्यांना आयती पळवाट मिळते. शेवटी विचारलंय, "मग आम्ही नक्की बघायचं तरी काय?"

आधी सर्व्हेचं. यात तुमचं बरंचसं खरं आहे. "जबाबदार कंपनीचा माल थोडा महाग असला तरी घ्याल का" असं विचारलं की नाही म्हणायला जीभ रेटत नाही, आणि काउंटरवर गेल्यावर हात स्वस्त मालाकडेच जातो, हे या विषयात काम करणारे स्वतःच कधीपासून सांगतायत. पण म्हणून सगळं बोलाचीच कढी असंही नाही. मायकल हिस्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2015 मध्ये छापून आलेला एक प्रयोग आहे, अमेरिकेतल्या एका मोठ्या किराणा साखळीच्या 26 दुकानांत त्यांनी कॉफीवर फेअर ट्रेडचं, म्हणजे पिकवणाऱ्याला रास्त भाव दिल्याचं, लेबल लावून बघितलं, कुणाला काही विचारलं नाही, फक्त विक्री मोजली. नुसत्या लेबलने विक्री जवळपास 10 टक्के वाढली. मग लेबलवाल्या कॉफीची किंमत वाढवली, तर जी आधीच महाग होती तिच्या गिऱ्हाइकांनी 8 टक्के वाढ निमूट सोसली, पण जी स्वस्त होती तिची किंमत 9 टक्के वाढल्यावर विक्री 30 टक्के घसरली, लोक सरळ बिनलेबलच्या कॉफीकडे वळले. म्हणजे एकाच देशात, एकाच दुकानात दोन तऱ्हेची माणसं उभी आहेत. त्यामुळे किंमत बघतात हे कबूल, पण फक्त किंमतच बघतात हे आकड्यांत बसत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मी असं म्हणत नाहीये की अमुक देशाच्या लोकांना चाड आहे आणि तमुक देशाच्या लोकांना नाही. फरक आहे तो कुणी कुणाचं काय देणं लागतं या हिशोबात. कुठली गोष्ट कंपनीचं कर्तव्यच, कुठली सरकारचं काम आणि कुठली कंपनीने आपणहून केलेली चांगली गोष्ट, या रेघा प्रत्येक समाजात वेगळ्या जागी आखलेल्या असतात आणि ग्राहकाची प्रतिक्रिया त्या रेघांवरून ठरते.

इझाबेल मेन्यां यांचा 2001 चा अभ्यास मी मागच्या लेखात दिला होता, त्यालाच तुम्ही शिक्का मारणं म्हणालात, तर त्यात नेमकं काय आहे ते बघूया. आर्ची कॅरोल या अभ्यासकाने कंपनीच्या जबाबदाऱ्यांचे चार भाग पाडले होते: धंदा नीट करून कमावणं, कायदा पाळणं, कायद्याच्या पलीकडे जाऊन नीतीने वागणं आणि दानधर्म. मेन्यांनी अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनीतल्या ग्राहकांना या चार गोष्टींबद्दल विचारलं. अमेरिकन ग्राहकांनी कमावण्याच्या जबाबदारीला खूप वजन दिलं, फ्रेंच आणि जर्मन लोकांचा भर कायदा आणि नीती यांवर होता. आणि जबाबदार कंपन्यांना आपल्या खरेदीतून पाठिंबा द्यायची तयारीही फ्रेंच-जर्मन ग्राहकांनी जास्त दाखवली. यात कुणाचा स्वभाव चांगला-वाईट ठरवलेला नाही, प्रश्न अपेक्षेचा आहे.

आणि ही अपेक्षा आकाशातून पडत नाही. डर्क मॅटन आणि जेरेमी मून या अभ्यासकांनी 2008 मध्ये हे फार सोप्या पद्धतीने मांडलंय. कामगारांचा आरोग्य विमा घ्या. अमेरिकेत एखादी कंपनी अर्धवेळ कामगारालाही विमा देते तेव्हा ती सीएसआर म्हणून सांगण्यासारखी गोष्ट होते, आणि लोकही म्हणतात चांगली कंपनी आहे. पश्चिम युरोपात आरोग्याची सोय मुळात कायद्यातच आहे, तिथे तीच गोष्ट जाहिरातीत टाकली तर ऐकणाऱ्याला प्रश्न पडेल की हे काय सांगायचंय, हे तर करायलाच पाहिजे ना. संस्कृती म्हणजे रक्तातलं काहीतरी असं धरून तुम्ही चिडलात, ते बरोबरच आहे, पण मी संस्कृती म्हणतो तेव्हा त्यात कायदे, युनियन, सरकार काय देतं आणि काय देत नाही, लोकांनी आधी कुणाकडून काय भोगलंय, हे सगळं येतं.

गाजावाजा करण्याचंही तसंच. 1983 मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या डागडुजीसाठी कार्डाच्या दर व्यवहारामागे एक सेंट आणि दर नव्या कार्डामागे एक डॉलर द्यायचं जाहीर केलं, सुमारे 17 लाख डॉलर जमले आणि कार्डाचा वापर 28 टक्क्यांनी वाढला, पुण्यही आणि धंदाही, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिथे फारसं कुणाला वाटलं नाही. याउलट डेन्मार्कमध्ये मेटे मॉर्सिंग आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की लोकांना कंपनी जबाबदार हवी असते, पण तिने त्याचा डांगोरा पिटलेला आवडत नाही, जितकं मोठ्याने सांगाल तितका संशय जास्त.

चीनचं उदाहरण मला जरा सविस्तर सांगायचंय कारण "ग्राहकाला फरक पडत नाही" या तुमच्या वाक्याला ते सरळ भिडतं. 12 मे 2008 ला सिचुआनमध्ये मोठा भूकंप झाला, सुमारे 69 हजार माणसं गेली. वँके ही तिथली बडी बांधकाम कंपनी, तिने 20 लाख युआन दिले. लोक म्हणाले एवढ्या मोठ्या कंपनीने हात आखडता घेतला. तिचे अध्यक्ष वांग शी यांनी ब्लॉगवर उत्तर दिलं की आपल्या देशात संकटं वारंवार येतात, मदत ही झेपेल आणि चालू राहील अशी हवी, ती ओझं होऊ नये, कर्मचाऱ्यांच्या वर्गणीलाही आम्ही 10 युआनची मर्यादा ठेवलीय. थंड डोक्याने वाचलं तर हे सगळं कुठल्याही मॅनेजमेंटच्या वर्गात टाळ्या घेईल. पण लोक ढिगाऱ्याखाली असताना हे ऐकून देश खवळला, अध्यक्षांना माफी मागावी लागली, आणि काही दिवसांतच कंपनीने पुनर्बांधणीसाठी 10 कोटी युआन जाहीर केले. त्याच आठवड्यात वांगलाओजी हे पेय विकणाऱ्या कंपनीने टीव्हीवरच्या मदतकार्यक्रमात 10 कोटी युआन दिले, तर इंटरनेटवर लोकांनी हाक दिली की दुकानात दिसेल तेवढा या ब्रँडचा माल विकत घेऊन संपवा. परदेशी कंपन्यांच्याही याद्या फिरल्या, कोण कंजूस निघालं त्याच्या.

यावरून "चिनी ग्राहकाला मोठा आकडा आणि मोठा आवाज हवा" असं कुणी म्हटलं तर तेही खरं नाही. 2021 च्या जुलैत चीनच्या हेनान प्रांतात पूर आला तेव्हा एर्के नावाच्या बुटांच्या कंपनीने 5 कोटी युआनची मदत दिली. कंपनी स्वतः तोट्यात, आणि बातमीची जाहिरातही नीट केलेली नाही. लोकांच्या लक्षात आलं की या कंपनीने आपल्या सोशल मीडिया अकाउंटची पैसे भरून मिळणारी मेंबरशिपसुद्धा घेतलेली नाही, आणि त्या गप्प राहण्यावरच लोक भाळले, लाइव्ह विक्रीवर इतकी झुंबड उडाली की कंपनीच्या प्रमुखाला येऊन सांगावं लागलं की विचार करून खरेदी करा. तेव्हा लोकांनी आकड्यापेक्षा ऐपत बघितली, आणि सांगण्यामागचा हेतू बघितला. दोन्ही वेळा किंमत आणि मालाची क्वालिटी होती तशीच होती हो.

शिक्का मारण्याच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा आहे. या विषयातले बरेच लेख देशांची संस्कृती आकड्यांत मोजणाऱ्या हॉफस्टेड या डच संशोधकाचे आकडे उचलतात आणि मोकळे होतात. ते आकडे मुळात 1967 ते 1973 या काळात आयबीएम या एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून घेतलेले, आणि ते देशाची सरासरी सांगतात, समोरच्या माणसाबद्दल काही सांगत नाहीत. अमेरिकन ग्राहक कमाईला महत्त्व देतो म्हणून त्याला कामगारांचं काही पडलेलं नाही असं म्हणाल तर 1990 च्या दशकाचं काय करायचं? नाइकीच्या आशियातल्या कारखान्यांवरून सगळ्यात जास्त रान उठवलं ते अमेरिकेतल्याच विद्यार्थ्यांनी आणि संघटनांनी, इतकं की 1998 मध्ये कंपनीचे प्रमुख फिल नाइट यांना जाहीरपणे म्हणावं लागलं की नाइकीचं नाव गुलामीची मजुरी आणि सक्तीचा ओव्हरटाइम यांच्याशी जोडलं गेलंय. बक्षीस कशाला द्यायचं यात देशादेशांत खूप फरक दिसतो, शिक्षा करायची वेळ आली की लोक बरेच जवळ येतात असं माझं मत आहे.

आणि पळवाटेचा आरोप, हा मला लागला, कारण मी हे सगळं लिहितो ते पळवाटा दिसाव्यात म्हणूनच. 24 एप्रिल 2013 ला बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांचे कारखाने असलेली इमारत कोसळली, 1,134 माणसं मेली, त्यातली बहुतेक कपडे शिवणारी. पुढच्या महिन्यात इमारत आणि आगीपासूनच्या सुरक्षेचा एक करार झाला, ब्रँड आणि कामगार संघटना दोघांच्या सह्या असलेला, कायद्याने बांधणारा. सह्या करणारे बहुतांश युरोपियन. वॉलमार्ट, गॅप वगैरे मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी मात्र जुलैमध्ये आपली वेगळी आघाडी काढली, जिच्यात संघटनांना तसा बरोबरीचा हक्क आणि तसं कायदेशीर बंधन नव्हतं. (काही अमेरिकन ब्रँड पहिल्या करारात गेले, हेही सांगायला हवं.) कोर्टकचेरीची भीती होती, युनियनबद्दलची नावड होती, पण घरच्या ग्राहकाला काय पुरेसं वाटेल याचा अंदाजही त्यात होताच असं मला वाटतं. जिथे ग्राहक "बंधनात आहात का" असं विचारतो तिथे करार, जिथे "प्रयत्न करताय ना" एवढ्यावर भागतं तिथे आपलं आपण ठरवलेलं. कंपन्या हा फरक आपल्यापेक्षा चांगला ओळखतात, आणि आपण "गिऱ्हाईक सगळीकडे सारखंच" म्हणत बसलो तर ही चलाखी आपल्याला दिसणारच नाही. सीएसआरचा अभ्यासक वेन व्हिसरने आफ्रिकेबद्दल लिहिताना दानधर्माला कमाईच्या खालोखाल दुसरी जागा दिलीय, कारण गरजा तेवढ्या तीव्र आहेत. पण जिथे शाळा-दवाखान्याला इतकं वजन मिळतं तिथेच कर आणि मजुरीचा प्रश्न फोटोंच्या मागे सहज दडतो, त्याचा राग मलाही येतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, बघायचं काय. मी दानाचा आकडा सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो की कंपनी जे करतेय त्याचा तिच्या स्वतःच्या धंद्याशी संबंध आहे का, कपड्यांची कंपनी झाडं लावत असेल आणि शिवणाऱ्यांच्या मजुरीवर गप्प असेल तर ती गप्प का हे विचारायचं. मग माल कुठे बनतो ते उघड आहे का, नाइकीने एवढ्या टीकेनंतर 2005 मध्ये आपल्या कारखान्यांची यादी जाहीर केली, आधी असल्या याद्या धंद्याचं गुपित म्हणून दडवल्या जायच्या, म्हणजे मागे लागलं की होतं. आणि वचन मोडलं तर कंपनीला कोण जाब विचारू शकतं, हे तर नक्कीच बघतो. तुम्ही ज्या ब्रँडचं नाव कमेंटमध्ये घेतलंय त्याच्या रिपोर्टमध्ये हे सापडतं का बघा आणि इथेच लिहा, मला त्यावर तुमच्याशी पुढे बोलायला आवडेल.