नीरी विकली? नाही हो!
नीरी म्हणजे नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. ‘उद्योगांशी जोडणार म्हणजे नीरी विकणार’ असा मेसेज नागपूरच्या ग्रुपांवर फिरतोय. तसं नाही. १९५८ची ही संस्था सीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची प्रयोगशाळा. सीएसआयआरचे पदसिद्ध अध्यक्ष खुद्द पंतप्रधान. आणि कंपन्यांची कामं ती काही आजच घेत नाहीये. फायटोरिड ही नीरीची सांडपाणी शुद्ध करायची पद्धतच घ्या: गिट्टीच्या थरात कर्दळ, पाणकणीस लावायचं आणि सांडपाणी वर न दिसता मुळांमधून वाहू द्यायचं. पेटंट सीएसआयआरने घेतलेलं, उभारणीचा परवाना खासगी कंपन्यांना. परवाना दिला म्हणून मालकी जात नाही, उलट फी मिळते. काळजी करायचीच तर वेगळी करा. नीरी ज्या कारखान्याचा पर्यावरण अहवाल लिहिणार, पैसेही त्याचेच, तर अहवाल कितपत परखड राहील? पैसे कोणी दिले ते पहिल्याच पानावर छापा, एवढं तरी मागायला हवं.