मेय्येत म्हणजे मयत

मागच्या महिन्यात रात्रपाळीला होते. पलीकडच्या खोलीतले आजोबा संध्याकाळी गेले होते. इथे अशी बातमी बाकीच्यांना लगेच सांगत नाहीत, दार लोटून घेतात आणि आपण काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चहा वाटायचा. अकराच्या सुमाराला एका आजींनी माझं मनगट धरलं आणि भिंतीकडे बोट करून विचारलं, "मेय्येत?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मयत."

त्यांनी मान हलवली, छातीवर क्रूस काढला आणि कुशीवर वळल्या. एक बाई भूमध्य समुद्रातल्या माल्टा देशाच्या गोझो बेटावरची, दुसरी वाळवा तालुक्यातली. मध्ये इंग्रजीचा एक शब्द नाही आणि जे कळायचं ते दोघींना कळलं.

मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका वृद्धाश्रमात काम करते. वृद्धाश्रम म्हटलं की आपल्याकडच्या लोकांचे लगेच डोळे भरून येतात, म्हणून आधीच सांगते, ही नोकरी आहे. पगार मिळतो आणि कंबर धरते. सनशाइन, सेंट अल्बन्स, डिअर पार्क, कीलोर हा सगळा पट्टा एकेकाळी माल्टीज, म्हणजे माल्टाच्या लोकांचा. कारखाने जवळ आणि जमीन स्वस्त म्हणून ते इथे राहिले. आता त्यांची पोरं लांब गेली आणि टारनीट, पॉइंट कुककडून आम्ही आलो. म्हातारे मात्र अजून इथेच आहेत, आणि त्यांना आंघोळ घालायला आम्ही आहोत.

स्मृती जायला लागली की माणसाचं इंग्रजी आधी जातं. शेवटी आलेलं पहिलं निघून जातं. चाळीस वर्षं कारखान्यात मुकादमाशी इंग्रजीत भांडलेल्या माणसाला एका सकाळी पाणीसुद्धा इंग्रजीत मागता येत नाही. फाइलमध्ये 'भाषा: इंग्रजी' लिहिलेलं असतं, कारण भरती होताना ते खरं होतं. ती आजी "आत्शाना, आत्शाना" म्हणत होती आणि आम्ही तिला उशी दे, पांघरूण दे, असं करत होतो. आत्शाना म्हणजे मला तहान लागलीय. हे कळायला मला तीन दिवस लागले, याची अजून लाज वाटते.

त्यानंतर मी वही केली. आणि वही भरत गेले तशी चक्रावत गेले. हे लोक कट्टर कॅथलिक, उशाशी मेरीमाता. पण देवाला म्हणतात अल्ला. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांना रान्दान. जपमाळ सुरू होते "स्लीम आलीक, मारीया" अशी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मिरजेतला उरूस आठवला. साधारण इसवी सन ८७० मध्ये अरबांनी माल्टा घेतलं, पुढे सिसिलीकडून नॉर्मन आले, धर्म बदलला, पण बोली अरबीच्या पोटातली ती तशीच राहिली. वर इटालियनचा भरपूर मसाला. लिहितात मात्र रोमन लिपीत. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांमधली ही एकटीच अरबी-हिब्रूच्या कुळातली.

आणि आपल्याकडे तीच अरबी फारसीच्या पाठीवर बसून आली. त्यामुळे जगाला ते दिन्या म्हणतात, आपण दुनिया. पुस्तकाला क्तीब, आपल्याकडे किताब. काळाला झ्मीन, आपला जमाना. आणि माझा सगळ्यात आवडता, हसीब. तोच आपला हिशेब. पण त्यांच्याकडे हसीब म्हणजे विचार. एकाच शब्दातून आपण पैसे मोजायला गेलो आणि ते विचार करायला, यावर कुणाला काय टीका करायची ती करा.

आता मुद्द्यावर येते, कारण पोस्ट भाषेवर नाही.

सप्टेंबरमध्ये माल्टीज मंडळींचा मोठा सण असतो. १५६५ साली ऑटोमन फौजेने माल्टाला वेढा घातला, तो ८ सप्टेंबरला उठला. आजींच्या लेकीबरोबर मी दोनदा त्या कार्यक्रमाला गेले. नातवंडं आठ टोकांचा क्रूस छापलेले शर्ट घालून फिरत होती. कुणालाही विचारा, वेढ्याची गोष्ट तोंडपाठ. नाइट्स, म्हणजे तेव्हा बेटावर राज्य करणारे ख्रिस्ती लढवय्ये, कसे लढले, त्यांचा प्रमुख ला व्हालेट याने १५६६ मध्ये नवं शहर कसं वसवलं, त्याच्याच नावाने व्हालेटा. सगळं येतं. मग मी त्या लेकीला विचारलं, "तुझे वडील इथे का आले?" ती म्हणाली, "सगळेच येत होते ना तेव्हा."

बस. एवढंच.

हे मला खुपलं. एक तर तो क्रूस माल्टीजांचा नव्हेच. ते नाइट्स फ्रान्स, स्पेन, इटलीच्या खानदानी घराण्यांतले, १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना बेटं दिली, वर्षाला एक ससाणा एवढ्या भाड्यावर. त्यांच्या पंगतीत माल्टीज माणसाला नाइट म्हणून सहसा जागा नव्हती. वेढ्यात नाइट्स पाचशेच्या आसपास होते आणि तटावर हजारो माल्टीज मरत होते. मालकाचं चिन्ह छातीवर आणि पणजोबाचं नाव माहीत नाही, असा तो प्रकार. (आपण हसू नये. गडावर गेल्यावर आपल्यालाही किती मावळ्यांची नावं येतात ते मोजून बघा.)

दुसरं म्हणजे, वेढा त्यांच्या बेटाचा इतिहास आहे. या हॉलमध्ये जमलेल्या माणसांचा इतिहास दुसराच आहे आणि तो कुणी सांगत नाही. मला वाटतं लाजेने सांगत नाही.

१९१६ चं घ्या. ऑक्टोबर महिना. गांज नावाच्या फ्रेंच बोटीतून २१४ माल्टीज पुरुष ऑस्ट्रेलियाला येत होते. माल्टा तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात, म्हणून सगळे ब्रिटिश प्रजाजन, म्हणजे कागदावर इथल्या गोऱ्यांइतकेच हक्काचे. त्याच महिन्यात इथे सक्तीच्या लष्करभरतीवर सार्वमत होतं. आपली पोरं लढाईला पाठवून सरकार त्यांच्या जागी स्वस्त मजूर आणतंय, अशी हाकाटी कामगार संघटनांनी केली. पंतप्रधान ह्यूज यांची पंचाईत झाली. मग सरकारने काय केलं? त्या २१४ जणांची श्रुतलेखनाची परीक्षा घेतली. डच भाषेत! माल्टाच्या शेतकऱ्याला आणि गवंड्याला डच! अर्थातच सगळे नापास. नापास म्हणून प्रवेश नाही. बोट न्यू कॅलेडोनियाला, पॅसिफिकमधल्या फ्रेंचांच्या बेटावर. तिथून पुढे सिडनीच्या बंदरात एका जुन्या जहाजावर डांबलेले, आणि १९१७ उजाडल्यावर कधी एकदा उतरू दिलं. सार्वमत ह्यूज हरले ते हरलेच.

ही परीक्षा १९०१ च्या कायद्यातली. नको असलेल्या माणसाला पन्नासेक शब्दांचा उतारा वाचून दाखवायचा, भाषा अधिकाऱ्याच्या मर्जीची. आशियातल्या माणसाला बाहेर ठेवायलाच ती काढली होती. १९५८ पर्यंत चालली. माझे आजोबा इस्लामपूरच्या बाजारात गूळ विकत. ते चुकून इथे आले असते तर त्यांना कुठल्या भाषेत विचारलं असतं, हा विचार मला भांडी घासताना येतो.

हॉलमधल्या मुलांना गांजची गोष्ट मी विचारून पाहिली. एकालाही माहीत नव्हती. मला कशी माहीत? नव्वदीतल्या एका आजोबांनी सांगितली. त्यांच्या गावचा कुणी त्या बोटीवर होता.

या आजोबांची स्वतःची गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धात ते दहा वर्षांचे होते. माल्टावर इतके बॉम्ब पडले की एप्रिल १९४२ मध्ये ब्रिटनच्या राजाने अख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस दिला, तो आजही त्यांच्या झेंड्यावर आहे. आजोबांना पदकाचं काही नाही. त्यांना आठवतं ते चुनखडीत खोदलेलं भुयार, अंगावर टपटपणारं पाणी आणि सार्वजनिक भटारखान्यातली पातळ आमटी. त्या ऑगस्टमध्ये धान्य आणि तेल घेऊन निघालेल्या जहाजांपैकी पाचच पोहोचली. शेवटचं, तेलाचं, १५ ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाच्या दिवशी. म्हणून त्या ताफ्याचं नावच सांता मारीयाचा ताफा. मी १५ ऑगस्टला तिरंग्याची पिन लावून कामावर गेले, तर आजोबा खूश. त्यांना वाटलं मी त्यांच्या ताफ्यासाठी सजून आलेय. मी दुरुस्ती केली नाही.

युद्ध संपलं आणि गोदीतलं काम आटत गेलं. ब्रिटिश आरमारावर जगणारं बेट, आरमार कमी केलं की चूल बंद. मुंबई आणि उपनगरांच्या निम्म्या आकाराचा देश, तेव्हा तीन लाखांच्या आसपास वस्ती. १९४८ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार झाला, भाड्याचा मोठा भाग सरकारं भरणार. सत्तरचं दशक संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं बाहेर पडली, निम्म्याहून जास्त ऑस्ट्रेलियात. ही असते 'सगळेच येत होते ना' या वाक्यामागची गोष्ट. त्याआधीही येत होते, १८८३ पासून क्वीन्सलँडच्या उसात. मकायच्या बाजूला पाचट जाळलेल्या काळ्या फडात कोयता चालवणारे माल्टीज होते, हे कळलं तेव्हा आमच्या सांगली-बीडचे टोळीवाले डोळ्यांपुढे आले.

आणि मुलं. १९५० ते १९६५ मध्ये सुमारे ३१० माल्टीज मुलं-मुली आईबापांशिवाय ऑस्ट्रेलियात पाठवली गेली. बहुतेक पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या चर्चच्या संस्थांमध्ये. शिकतील, शहाणी होतील म्हणून आईबापांनी अंगठे दिले. पुष्कळांच्या वाट्याला मारझोड आणि बांधकामाची मजुरी आली. २००९ मध्ये इथल्या पंतप्रधानांनी संसद भवनात माफी मागितली. याविषयी मी जास्त लिहीत नाही. ज्यांच्याकडून ऐकलं त्यांनी लिहू नको म्हणून सांगितलंय.

सगळंच विसरलंय असंही नाही. जे हाताने करायचं ते टिकलंय. पास्तित्सी इथे कुठल्याही दुकानात गोठवलेली मिळते, आत रिकोटा किंवा वाटाण्याचं सारण. पण आजींच्या लेकीकडे मी ती करताना पाहिली. कणीक ओढून ओढून ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पातळ केली. वर चरबी चोळली, अगदी आपण चिरोट्याला साटा लावतो तशी. मग गुंडाळी, दोरासारखी लांब, आणि फ्रीजमध्ये विश्रांती. दुसऱ्या दिवशी तुकडे कापायचे आणि प्रत्येकात अंगठा घालून पारी करायची. मी म्हटलं, हे मला येतं. उकडीच्या मोदकाची सवय, भराभर पाच-सहा पाऱ्या केल्या. आजींना त्या दिवशी घरी आणलं होतं. त्यांनी माझी पारी हातात घेतली, उजेडात धरली आणि परत कणकेत दाबून टाकली. जाड होती.

गाणंही टिकलंय थोडं. त्याला आना म्हणतात. गिटारी वाजत असतात आणि दोन गडी समोरासमोर उभे राहून जागच्या जागी कडवी रचत एकमेकांना चीत करतात. आपला कलगी-तुराच. आजोबांकडे गावातल्या दारूच्या गुत्त्यात भरलेली कॅसेट आहे, वाजवायला यंत्र नाही. ते कॅसेट कानाशी धरून हलवतात.

जवळजवळ दोन लाख ऑस्ट्रेलियन आपलं मूळ माल्टीज लिहितात. घरात ती भाषा बोलणारे तीस हजारांच्या आत. हे आकडे वाचून मी माल्टीजांसाठी रडत नाही, मला आमच्या हॉलमधली पोरं दिसतात. आमची मुलं अफजलखानाचा वध अभिनयासहित करतात, फेटे बांधून, आणि टाळ्या मिळतात. करू देत. पण त्यातल्या एकाला विचारा, तुझा बाबा इथे आल्यावर पहिली तीन वर्षं काय करत होता? रात्री टॅक्सी चालवत होता, कोंबड्यांच्या कारखान्यात उभा होता, इंजिनिअरिंगची पदवी सुटकेसमध्ये होती. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. बाबाच सांगत नाही. मी पण माझ्या लेकीला पहिल्या वर्षाचं सगळं सांगितलेलं नाही. मी म्हातारी झाले की एखाद्या नेपाळी पोरीला माझं 'पाणी' कळेल कदाचित. 'पोटात कालवतंय' कोणाला कळणार?

म्हणून मी विचारत सुटलेय. ड्युटी संपल्यावर अर्धा तास, वही घेऊन. कुठली बोट, किती पेट्या, बंदरावर कोण आलं होतं. काही जण रागावतात, काही झोपतात.

मागच्या मंगळवारी त्या आजींना विचारलं, तुमचं घराणं कुठलं. त्यांनी आडनाव सांगितलं नाही. तिकडे बोर्ग, व्हेला, कामिलेरी अशी ठरावीक आडनावं, गावात एकाच आडनावाची ढिगाने माणसं. म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव असतं, पिढ्यान्पिढ्या चाललेलं. त्याला लकम म्हणतात, फक्त मधला 'क' घशात गिळतात. आपली 'लकब' तीच. आजींनी आपल्या घराची लकब सांगितली. लेक शेजारी बसली होती, बासष्ट वर्षांची. तिने ती पहिल्यांदा ऐकली.

आजकाल आजी नावाला ओ देत नाहीत. संध्याकाळी गोळ्या द्यायला गेले तेव्हा मी त्यांना त्या लकबेने हाक मारली. झटकन मान वळली, आणि कोण आलंय म्हणून दाराकडे बघायला लागल्या.

ते नाव इथे लिहीत नाही, गोझोत तेवढ्यावरून घर सापडेल. पण चार्टवर असावं, बाकीच्या मुलींना कळावं असं वाटलं. त्याला रकाना नव्हता. 'ॲलर्जी'च्या खाली थोडी जागा होती, तिथे देवनागरीत आणि इंग्रजीत दोन्हीत लिहून ठेवलंय.